पाच प्रश्नांची चाळणी

सोरायसिस हा त्वचेचा विकार. पण काही रुग्णांत तो सांध्यांपर्यंत पोहोचतो. बहुधा चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात. म्हणजे लक्ष कोणावर ठेवायचे हे आधीच ठाऊक असते. त्यासाठी ब्रिटनमध्ये 2009 साली ‘पेस्ट’ ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिचे पाच प्रश्न असे: सांधा कधी सुजला होता का? संधिवात असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले का? नखांवर खड्डे आहेत का? टाच दुखली होती का? एखादे बोट विनाकारण पूर्ण सुजून दुखले होते का? तीन उत्तरे ‘होय’ आली की रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायचे.

कल्पना चांगली आहे. खर्च नाही, यंत्र नको. शिवाय संधिवाताची नेहमीची रक्तचाचणी या आजारात बहुधा निर्दोष येते आणि उशीर झाल्यास झिजलेले हाड पूर्ववत होत नाही.

पण ही यादी जशीच्या तशी नांदेड-लातूरला आणता येईल का? दुसरा प्रश्न सांध्यांविषयी नाहीच. डॉक्टर भेटला की नाही, याविषयी आहे. दुखणे ‘वाता’चे म्हणून अंगावर काढणारी शेतमजूर बाई ‘नाही’ म्हणेल. उलट, दिवसभर ढेकळांतून चालणाऱ्याची टाच संधिवाताशिवायही दुखते आणि नखे बुरशीनेही बिघडतात. एका प्रश्नातून खरे रुग्ण निसटतात, बाकीच्यांत भलतेच अडकतात.

ब्रिटनमध्येही हे दिसले. मूळ अभ्यासात ‘पेस्ट’ने संधिवात नसलेल्या 100 पैकी सुमारे 78 जणांना बरोबर वगळले होते, 2013 सालच्या तुलनात्मक अभ्यासात केवळ 37 जणांना. मराठवाड्यात प्रत्येक खोटा इशारा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे.

पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली सांधेदुखीचे घरोघर सर्वेक्षण सुरू केले. तेथे आधी प्रश्न विचारले आणि दुखणे सांगणाऱ्यांना डॉक्टरांनी तपासले. नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सोरायसिसच्या रुग्णांसाठी याच्या एक पाऊल पुढे जायला हवे. प्रश्न इथल्या बोलीत विचारावेत आणि ‘होय’ म्हणणाऱ्यांबरोबर ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनाही तपासावे. त्याशिवाय चाळणीतून कोण निसटले हे कळणार नाही.

कोणतीही प्रश्नावली वर्गात आली, तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला लावावे: ‘नाही’ म्हणणाऱ्यांना कोणी तपासले?