निगा आणि जीर्णोद्धार

रॉबर्ट पर्सिग यांचा 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हा ग्रंथ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १२१ प्रकाशकांनी तो नाकारला होता. पुढे त्याच ग्रंथाच्या लाखो प्रती खपल्या. जुनी मोटरसायकल घरी उघडून बसलेल्या वाचनप्रिय तरुणाला कोणी ना कोणी हा ग्रंथ आजही सुचवितोच. अमरावती-अकोल्याकडे अशी घरे दुर्मीळ नाहीत. वडिलांची राजदूत, काकांची येझ्दी, एखादी हात बदलत आलेली बुलेट छपरीत उभी असते, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या चादरीवर तिचे सुटे भाग मांडलेले दिसतात. अशा घरात हा ग्रंथ कितपत उतरतो, हे पाहावे असे आम्हांला वाटले. ग्रंथ थोर आहे की नाही, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे व त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. दुरुस्तीचे मार्गदर्शन मिळेल या आशेने जो हे पुस्तक उघडील त्याची निराशा होईल. लेखकाने आरंभीच बजावले आहे की, झेन पंथाची शास्त्रशुद्ध माहिती येथे शोधू नये आणि मोटरसायकलींविषयीची माहितीही फारशी वस्तुनिष्ठ समजू नये. ग्रंथात आहे तो एक प्रवास. १९६८ च्या उन्हाळ्यात पर्सिग आपला मुलगा ख्रिस याला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलने गेले. त्या प्रवासाच्या आधाराने त्यांनी हे लेखन केले. पहिले काही दिवस जॉन व सिल्व्हिया सदरलंड हे दांपत्य दुसऱ्या गाडीवर सोबतीला आहे. निवेदक गाडी चालविता चालविता मनातल्या मनात एक दीर्घ प्रवचन देतो, आणि त्या प्रवचनाचा विषय म्हणजे 'क्वालिटी'.

या शब्दाला मराठीत 'गुणवत्ता' म्हणून भागत नाही. तो शब्द शाळा-कारखान्यांच्या अहवालांनी झिजवून टाकला आहे. आम्हांला जवळचा वाटतो तो 'कस'. सोन्याचा कस लावतात, काळ्या जमिनीला कस असतो, आणि कसोटीच्या क्षणापूर्वी तो शब्दांत सांगता येत नाही. पर्सिग यांचा आग्रहही हाच आहे. 'गम्प्शन' या त्यांच्या दुसऱ्या लाडक्या शब्दाला तर 'उमेद' हा बेतून शिवल्यासारखा बसतो. दुरुस्ती करणाऱ्याची उमेद कोणकोणत्या कारणांनी खचते, याची त्यांनी केलेली चर्चा ग्रंथातील सर्वांत उपयुक्त भाग होय. आणि 'मेंटेनन्स' याला आपण म्हणतो 'निगा'. हा शब्द फारसीतून आला, आणि तेथे त्याचा अर्थ 'नजर', 'पाहणे' असा आहे. निगा राखणे म्हणजे नजर ठेवणे. पर्सिग यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही; परंतु त्यांच्या साडेतीनशेहून अधिक पानांचे सार या एका शब्दात आहे, आणि त्यांच्या अपयशाचे मोजमापही त्याच शब्दाने करता येते.

ग्रंथाचे बळ पाहू. साइड कव्हरचा एक स्क्रू जाम होतो, जोर लावताच त्याची खाच फाटते, आणि जो स्क्रू काही पैशांचा तो एकदम संपूर्ण गाडीच्या किमतीचा होऊन बसतो, कारण तो निघाल्याविना गाडी निरुपयोगी आहे. ज्यांनी पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या राजदूतचे इंजिन उघडले आहे त्यांना या प्रकरणाचे स्पष्टीकरण नको. पर्सिग म्हणतात ते असे की, या अडून पडण्याच्या क्षणीच माणूस त्या स्क्रूकडे खऱ्या अर्थाने प्रथम पाहतो. आपल्याकडे याच क्षणी कोणीतरी डिझेल सोडून रात्रभर भिजत ठेवावयास सांगतो. तत्त्वज्ञान तेच; आपले थोडे स्वस्त आहे.

वऱ्हाडात या नजरेला काम भरपूर. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की, टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात ऑइल किंचित कमी पडले तरी पिस्टन धरतो. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमधून, चेनमधून, ब्रेकच्या ड्रममधून घरच्यासारखी वावरते. बुलेटच्या पॉइंटांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट लागते. ती केसभर बदलली की सकाळी किक मारून पाय दुखतात. पर्सिग मॉन्टानातील माइल्स सिटी येथे गाडीचे टॅपेट जुळवितात, प्लग तपासतात आणि ते करताना मोटरसायकल म्हणजे पोलादात उतरलेल्या कल्पनांची रचना होय, असे सांगतात. हे वाक्य ऐकण्यास जड वाटते, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला ते कळते. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोलचे प्रमाण वाढल्यासारखे होते, इंजिन गुदमरते आणि प्लग काळा पडतो. तो काळा प्लग हातात घेऊन जो हवेचा विचार करू शकतो त्याने कल्पना आणि पोलाद यांचे नाते ओळखले. यात आता एक नवी अडचण आली आहे. २०२५ सालापर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉल ओलावा ओढून घेते, जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते. ज्या काळी या गाड्या घडल्या त्या काळी असे इंधन कोणाच्या स्वप्नातही नव्हते, म्हणून जुनी पुस्तिका पाहून येथे भागत नाही. नळी स्वतः बोटाने दाबून पाहावी लागते.

इथवर पर्सिग यांच्याशी आमचा वाद नाही. वाद सुरू होतो तो मिस्त्रीपाशी.

ग्रंथाच्या प्रारंभी निवेदक एका वर्कशॉपची हकीकत सांगतो. तेथील तरुण कारागीर रेडिओ लावून काम करतात, छिन्नी-हातोडीने भाग फोडतात, आणि मूळ दोष असतो तो तेल पोहोचविणाऱ्या यंत्रणेतील एका क्षुल्लक पिनेचा. या अनुभवावरून निवेदक स्वतःच्या हाताने काम करण्याचा निश्चय करतो. हकीकत खरी असेल. परंतु पुढे सबंध ग्रंथात एकही असा कारागीर येत नाही की ज्याच्यापाशी निवेदक मन लावून काही शिकला. एक वेल्डर येतो, उत्तम काम करतो आणि दोन पानांत निघून जातो. मित्र जॉन याच्या गाडीचे हँडल सैल होते तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सुचवितो. सूचना तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, जॉन दुखावला जातो, आणि निवेदक त्याच्या दुखावण्याचे तत्त्वज्ञान करीत बसतो. शहाणपण आहे, पण शेजारधर्म नाही.

वऱ्हाडातली घरगुती दुरुस्ती अशी एकट्याने होत नाही, आणि होऊ शकत नाही. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूतही केव्हाच थांबली. सुटा भाग मिळाला नाही की तो कोणाच्या तरी हातून करवून घ्यावा लागतो. लेथवाला बुश वळवून देतो, बोअर करणारा सिलिंडर बोअर करून देतो, आणि मिस्त्री पेचकसाचे टोक क्रँककेसला व मूठ स्वतःच्या कानाला लावून आवाज ऐकतो. जावा-येझ्दीत गिअरचा व किकचा दांडा एकच असतो, आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. ही करामत पुस्तक वाचून समजते, पण तिचे जुळवणे कोणी तरी बाजूला बसून दाखवावे लागते. पर्सिग यांच्या अंगणात अशी बाजूला बसणारी व्यक्ती नाही.

ही उणीव दुसऱ्या एका अमेरिकन लेखकाने भरून काढली आहे. मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी शिकागो विद्यापीठात राजकीय तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतली, एका वैचारिक संस्थेतील नोकरी सोडली आणि मोटरसायकल दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांचा 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' हा ग्रंथ २००९ साली निघाला. क्रॉफर्ड हे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन काम करतात. एखादा जाम भाग मोकळा करण्याच्या ईर्ष्येने चार तास घालविले तर ते तास कोणाच्या बिलात घालावयाचे, हा प्रश्न त्यांना पडतो. पर्सिग यांना तो कधी पडत नाही. शैलीने पर्सिग श्रेष्ठ आहेत यात शंका नाही. पण ज्याच्या हाताखाली शिकलो त्याचे ऋण मान्य करण्याची रीत क्रॉफर्ड यांच्यापाशी आहे, आणि ती आम्हांला अधिक परिचयाची वाटते.

येथे एक वऱ्हाडी तुलना केल्याविना राहवत नाही. पर्सिग आपल्या प्रवचनांना 'शटॉक्वा' म्हणतात. अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या लोकशिक्षणाच्या व्याख्यानमालांचे ते नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराजही गावोगाव फिरत, आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. ते कीर्तन म्हणजे प्रश्नांची फैर असे. लोकांनी उत्तर दिल्याखेरीज ते पुढे सरकत नसे. पर्सिग यांचा शटॉक्वा मात्र हेल्मेटच्या आतच चालतो. त्यांच्या पाठीमागे अकरा वर्षांचा एक श्रोता बसला आहे, आणि त्याला त्यातील काहीही ऐकू येत नाही.

आता ख्रिसकडे वळू, कारण आमच्या मते ग्रंथाचा खरा विषय तोच आहे. निवेदकाचे पूर्वायुष्य हळूहळू उलगडते: तो काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत असता प्राध्यापकांनी जग माया आहे असे सांगितले, तेव्हा त्याने हिरोशिमा-नागासाकीवरील बाँबही माया काय, असे विचारले, आणि होकार मिळताच वर्ग सोडला; पुढे बुद्धीचा तोल गेला, रुग्णालयात विजेचे झटके देण्यात आले, आणि जो बाहेर आला तो वेगळाच माणूस होता. पूर्वीच्या माणसाला तो फीड्रस म्हणतो, त्याला घाबरतो. ख्रिसला मात्र तोच पूर्वीचा बाप हवा आहे. प्रवासभर मुलाचे पोट दुखते, तो रडतो, हट्ट करतो. बाप इंजिनाचा किंचितसा बदललेला आवाज ओळखतो आणि मुलाच्या रडण्याचा अर्थ त्याला लागत नाही. मुलाला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला दिसते ती बापाची पाठ.

आपल्याकडे दोघा-तिघांच्या संसारात लहान मूल पेट्रोलच्या टाकीवर बसत आले आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते गैर आहे, हे सांगावयास नकोच. परंतु त्या मुलाला रस्ता बापाच्या आधी दिसतो, आणि 'गाय आली' हे तोच प्रथम सांगतो. ख्रिसला ही जागा पुस्तक संपण्याच्या सुमारास मिळते. समुद्राकाठी बाप-लेक अखेर एकमेकांशी बोलतात. मुलगा विचारतो ते त्याने कित्येक वर्षे मनात दाबून ठेवलेले असते. नंतर दोघे हेल्मेट काढतात, मुलगा पायटांवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला प्रथमच समोरचे दिसते. सबंध ग्रंथात निगा या शब्दाचा अर्थ पूर्णपणे उतरलेली ही एवढीच पाने.

म्हणून हा ग्रंथ जीर्णोद्धाराचा म्हणून वाचला जातो याचे आम्हांला आश्चर्य वाटते. निगा ठेवलेल्या वस्तूचा जीर्णोद्धार करावा लागत नाही. जुनी गाडी आणून, नवा क्रोम चढवून, चार महिन्यांत झगमगती करून दारात उभी करणे हा छंद आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्या वडिलांनी तीच गाडी तीस वर्षे पुसून वापरली, त्याने त्या टाकीवरील मूळ रंग, जागोजाग उडाला असला तरी, खरवडून काढण्यापूर्वी थांबावे. सरकारी नियमही नेमके येथेच अडखळतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी 'विंटेज' ठरते, ती मूळ स्वरूपात असेल व चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तर. पण मग ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन व दुरुस्ती अशा कामांपुरतीच काढावयाची. जिला रोज चालवावयाचे तिची १५ वर्षांनंतर फेरनोंदणी करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १००० रुपये झाले. मूळ स्वरूप जपाल तर चालवू नका, असा याचा अर्थ होतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून विश्वविक्रम करण्यात आला. अशा रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारी राजदूत नियमाला आणि ट्रकांना, दोघांनाही अडचणीची वाटते. ती चालविणाऱ्याला वाटत नाही.

ख्रिसचाही पूर्वीचा बाप 'मोठा फेरफार' होऊन परत आलेला होता, आणि मुलाला मूळ स्वरूप हवे होते. हा संबंध पर्सिग यांनी स्वतः कोठेही बोलून दाखविलेला नाही. तो त्यांनी न बोलता वाचकाकडे सोपविला, हे त्यांचे लेखक म्हणून मोठेपण. अखेरच्या भागातील ग्रीक तत्त्वज्ञानाची पाने मात्र कोणी घाईने उलटली तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

पर्सिग २०१७ साली वारले. त्यांची होंडा सुपर हॉक डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आली. पुस्तक विकत घ्यावयाचे असेल तर १९८४ नंतरची आवृत्ती पाहून घ्यावी. तिच्यात लेखकाने शेवटी जोडलेले काही पानांचे टिपण आहे. १७ नोव्हेंबर १९७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंच्या हातून ख्रिस मारला गेला. तेवीस वर्षांचा होण्यास त्याला दोन आठवडे उरले होते. त्या टिपणात बाप विचारतो की तो गेला कोठे, आणि तेथे मोटरसायकलचा उल्लेख जवळजवळ नाहीच.