‘ऊन’ आणि जंबुपार निर्देशांक : घरगुती हवामानकेंद्राच्या भाषेची एक चिकित्सा

घरगुती हवामानकेंद्राच्या फलकावर तापमान, आर्द्रता व पर्जन्य यांच्या जोडीला जंबुपार किरणांचाही आकडा आता दिसू लागला आहे. असा फलक हे वाचकासाठी रचलेले एक विधानच होय. म्हणून त्याच्या अर्थबोधाचा विचार भाषाभ्यासकानेही करावयास हवा. सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावरील रत्नागिरीत तर तो विशेष निकडीचा आहे.

त्वचा लाल करण्याच्या क्षमतेनुसार प्रत्येक तरंगलांबीला भार देऊन जी प्रारणतीव्रता निघते, तिच्या दर चौरस मीटरमागील २५ मिलिवॅटला निर्देशांकाचे एक एकक मानतात. कॅनडात १९९२ साली सुरू झालेली ही कल्पना पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिली. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ व ७ उच्च, ८ ते १० अत्युच्च, ११ पासून पुढे आत्यंतिक, अशा तिच्या पायऱ्या आहेत. हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग त्यांस दिले आहेत.

फलकावर ‘११.३’ असा दशांश दाखविणे हा पहिला दोष. घरगुती संवेदकाचा प्रतिसाद त्वचेच्या प्रतिसादाशी तंतोतंत जुळत नाही. त्यात तो किंचित कलला, किंवा खाऱ्या वाऱ्याने त्यावर क्षारांचा थर बसला, की दशांशाला अर्थ उरत नाही. पूर्णांक सांगण्याचा संकेतच येथे योग्य होय.

दुसरा दोष अधिक गंभीर, आणि तो आपल्या वाचनातला आहे. हा आकडा आपण ‘आज ऊन किती’ याचे उत्तर म्हणून वाचतो. परंतु ‘ऊन’ हा शब्द ‘उष्ण’पासून आलेला; ‘ऊन पाणी’, ‘ऊन ऊन भात’ या प्रयोगांत तो निव्वळ उष्णताच सांगतो. कोवळे, रणरणते ही त्याची विशेषणेही अनुभवावरच उभी आहेत. जंबुपार किरण मात्र ना दिसत, ना त्यांची ऊब जाणवत. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरविणाऱ्यास उष्मा आणि हे किरण एकत्रच भेटतात, म्हणून भाषा फसवीत नाही. ऑगस्टच्या पूर्वार्धात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. पावसाने उघडीप दिली, आकाशात विरळ ढग आणि अंगाला गार वारा असला, तर ‘ऊन नाही’ असे आपण सहज म्हणतो. निर्देशांक मात्र तेव्हाही चढलेला असू शकतो. होडीवरील खलाशाची फसगत होते ती नेमकी येथे.

परिभाषेचाही येथे संबंध पोहोचतो. शालेय पुस्तकांतील ‘अतिनील’मधला ‘अति’ परिमाणवाचक वाटतो. त्याला ‘अत्युच्च’ जोडले की घोटाळा वाढतो. मराठी विश्वकोशातील ‘जंबुपार’ जांभळ्यापलीकडील स्थान नेमके दाखवितो, म्हणून तोच ग्राह्य.

सारांश, फलकावर पूर्णांक, रंग आणि ‘जंबुपार’ हे नाव असावे. तापमानाच्या रकान्यापासून तो आकडा वेगळा मांडावा. शिवाय सावलीचा दाखला द्यावा : स्वतःच्या उंचीहून सावली आखूड झाली की आडोसा शोधावा. रत्नागिरीत डिसेंबरातही माध्यान्हीची सावली उंचीहून आखूडच असते, ही गोष्ट ‘ऊन’ हा शब्द सांगत नाही.