‘अंशदान’, ‘हितलाभ’ आणि ‘वॉर्ड’ : कामगार-विम्याच्या रुग्णालयीन परिभाषेची चिकित्सा

एखाद्या सार्वजनिक संस्थेची समीक्षा करावयाची म्हटले म्हणजे तिच्या इमारती, खाटांची संख्या आणि जमाखर्चाचे आकडे यांकडे प्रथम दृष्टी जाते. हा मार्ग योग्यच आहे. परंतु तो एकमेव नव्हे. संस्था ज्या शब्दांनी आपल्या माणसांची नोंद करते, त्या शब्दांतही तिचे स्वतःविषयीचे आकलन उमटलेले असते. ते शब्द तपासून पाहणे हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत लेखात विमेदार औद्योगिक कामगारांसाठी स्थापन झालेली सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये यांच्या परिभाषेचा विचार करावयाचा आहे. बंगळूरचे राजाजीनगर, चेन्नईचे के. के. नगर, कोलकात्याजवळील जोका, कलबुर्गी, फरिदाबाद आणि हैदराबादचे सनतनगर येथील महाविद्यालये ही या वर्गातील ठळक उदाहरणे. 2024 मध्ये महामंडळाने ज्या नव्या महाविद्यालयांना तत्त्वतः मान्यता दिली, त्यांच्या यादीत मुंबईतील अंधेरीचेही नाव आहे. तेव्हा हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला परका राहिलेला नाही.

या योजनेचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधीचा आपला अहवाल 1944 मध्ये सादर केला. त्याच्या आधारे पुढे 1948 चा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती 1954 मध्ये आली. योजनेचे मूळ तत्त्व असे की, मालक आणि कामगार या दोघांनी वेतनाच्या प्रमाणात पैसे भरावेत व त्या निधीतून कामगाराला औषधोपचार आणि आजारपणातील वेतनाचा काही भाग मिळावा. 1 जुलै 2019 पासून लागू झालेल्या दराप्रमाणे मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के व कामगाराचा 0.75 टक्के आहे. म्हणजे मासिक 20,000 रुपये मिळविणाऱ्या कामगाराच्या नावे मालकाचे 650 आणि स्वतःचे 150 असे 800 रुपये दरमहा निधीत जमा होतात. सारांश, ही रुग्णालये धर्मादाय नाहीत. त्यांच्या पायाशी कामगाराचे वेतन आहे.

आता नावाकडे वळू. महाराष्ट्रात ‘राज्य कामगार विमा योजना’ हे नाव रूढ आहे. या समासाचा विग्रह दोन प्रकारे संभवतो. ‘राज्याने चालविलेला कामगारांचा विमा’ हा अभिप्रेत अर्थ. तथापि ‘राज्याच्या कामगारांचा विमा’ हा अर्थही व्याकरणदृष्ट्या तितकाच निर्वेध आहे, आणि अपरिचिताला बहुधा तोच प्रथम सुचतो. वस्तुतः ही योजना मुख्यतः कारखाने व खाजगी आस्थापना यांतील कामगारांची. हिंदीतील ‘कर्मचारी राज्य बीमा’ या नावात हा दोष नाही. पण तेथे तीन नामे विभक्तीवाचून एकापुढे एक उभी आहेत आणि त्यांचा परस्परसंबंध वाचकानेच जुळवावयाचा आहे. विमा कोणाचा, हा पहिलाच प्रश्न नावाने संदिग्ध ठेवावा, हे नोंद घेण्यासारखे आहे.

दुसरा शब्द ‘अंशदान’. संस्कृतात या समासाचा अर्थ ‘आपला अंश देणे’ एवढाच होतो. परंतु मराठी श्रोत्याच्या कानी ‘दान’ हा शब्द निःसंग पडत नाही; त्यागाची आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याची छाया त्याबरोबर येते. प्रत्यक्ष कामगार हा शब्द वापरीत नाही. त्याच्या बोलण्यात येते ती ‘कपात’: ‘पगारातून ईएसआय कापला’. या दोन्ही शब्दांच्या मध्ये मराठीत एक तिसरा शब्द आहे, ‘वर्गणी’. वाचनालयाची किंवा गणेशोत्सवाची वर्गणी देणारा मनुष्य हिशेब विचारू शकतो आणि त्याचे विचारणे कोणासही गैर वाटत नाही. दानात परताव्याचा हक्क नाही, कपातीत संमती नाही, वर्गणीत मात्र सभासदत्व आहे. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, वर्गणी ऐच्छिक असते आणि ही रक्कम कायद्याने सक्तीची आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ‘वर्गणी’ हा प्रतिशब्द म्हणून येथे सुचविलेला नाही. प्रचलित परिभाषेत सभासदत्वाचा भाव वाहून नेणारा एकही शब्द नाही, इतकेच दाखवावयाचे आहे.

दिलेल्या पैशाचे नाव ‘अंशदान’ झाले, की मिळणाऱ्या रकमेचे नाव ‘हितलाभ’ होणे ओघानेच येते. हिंदी पारिभाषिक कोशातून मराठी कार्यालयांत उतरलेला हा शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. पण ‘लाभ’ हा दैवयोगानेही होतो, आणि ज्याला तो होतो तो ‘लाभार्थी’, म्हणजे लाभाची इच्छा धरून उभा असलेला, किंबहुना याचक. कायद्याची अंतर्गत रचना मात्र निराळे सांगते. सहा महिन्यांच्या अंशदान-कालखंडात 78 दिवसांचे अंशदान भरलेल्या कामगाराला त्याच्याशी जोडलेल्या लाभ-कालखंडात आजारपणाबद्दल वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, आणि तीही वर्षात 91 दिवसांच्या मर्यादेपर्यंत. अट, प्रमाण आणि मुदत अशी तिहेरी मोजणी येथे आहे. शिवाय वाद उत्पन्न झाल्यास कामगार-विमा न्यायालयात दाद मागण्याची तरतूद आहे. देणगीसाठी कोणी न्यायालयात जात नाही. दावा हक्काचाच होऊ शकतो. तेव्हा कायद्याचे व्याकरण हक्काचे आणि त्याची शब्दकळा अनुग्रहाची, असा हा अंतर्विरोध आहे.

2010 च्या दुरुस्तीने हा विरोध अधिक ठळक झाला. ज्या रुग्णालयांचा पुरेसा वापर होत नाही, तेथे विमेदार नसलेल्यांनाही शुल्क घेऊन उपचार देण्याची सोय त्या दुरुस्तीने केली आणि या नव्या वर्गास ‘इतर लाभार्थी’ असे नाव दिले. ‘इतर’ हे विशेषण निष्पाप नाही. ‘इतर लाभार्थी’ म्हणताच जे इतर नाहीत तेही लाभार्थीच, हे गृहीत धरले जाते. ज्याने वर्षानुवर्षे निधीत भर घातली तो आणि जो आज शुल्क भरून आला तो, हे दोघे एका जातिवाचक नामाखाली आले.

याच दुरुस्तीने महामंडळाला वैद्यकीय महाविद्यालये स्थापण्याचा अधिकार दिला. त्या कलमाची वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. महाविद्यालय स्थापणे हे तेथे मुख्य क्रियापद आहे. पण योजनेखालील सेवांचा दर्जा सुधारणे हा हेतुवाचक अंश त्याला जोडलेला आहे. अर्थात् शिक्षण हे साधन आणि कामगाराची शुश्रूषा हे साध्य. जानेवारी 2015 मध्ये महामंडळाने वैद्यकीय शिक्षणातून अंग काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा शिक्षण हे आपले मूळ कार्य नव्हे अशी भूमिका पुढे आली. विद्यार्थ्यांनी त्या निर्णयाला विरोध केला. पुढे तो निर्णय मागे पडला आणि 2016 मध्ये सनतनगरचे महाविद्यालय सुरू झाले. या वादात दोन्ही पक्षांनी हेतुवाचक अंशाकडे पुरेसे लक्ष दिले, असे म्हणवत नाही. विमेदारांच्या पैशातून डॉक्टर घडवावेत की नाही, याचे उत्तर त्या डॉक्टरांच्या घडण्याने विमेदाराच्या वाट्याला काय येते यावरच अवलंबून आहे.

येथे ‘वॉर्ड’ या शब्दाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. या महाविद्यालयांत काही जागा विमेदारांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या दाखल्यात मुलाला ‘वॉर्ड’ असे म्हटलेले असते. रुग्णालयातील दालनही ‘वॉर्ड’च. इंग्रजीत या दोन्ही अर्थांच्या मुळाशी रक्षणाची, राखणीची एकच कल्पना आहे. मराठीने दालनासाठी ‘वॉर्ड’ उसना घेतला, पण मुलासाठी तिच्याजवळ ‘पाल्य’ हा स्वतःचा सुंदर शब्द आहे: ज्याचे पालन करावयाचे तो. एकाच छपराखाली कामगार वॉर्डात निजलेला आहे आणि दुसऱ्या एखाद्या कामगाराचा पाल्य त्याच्या उशाशी विद्यार्थी म्हणून उभा आहे, ही या संस्थांची खरी विशेषता होय. अन्य सार्वजनिक रुग्णालयांत अशी घटना योगायोगाने घडते. येथे ती नियमाने घडू शकते.

तथापि वैद्यकीय अध्यापनाच्या बोलीत त्या निजलेल्या माणसाला काय म्हणतात? ‘केस’, ‘बेड’, आणि सर्वांचा समुच्चय करावयाचा असेल तेव्हा ‘क्लिनिकल मटेरिअल’. अध्यापनाच्या सोयीसाठी रूढ झालेले हे शब्द आहेत, कोणाच्या दुष्टपणातून आलेले नाहीत. परंतु ज्याच्या वेतनातून इमारत उभी राहिली आणि ज्याच्या देहावरून विद्यार्थी शिकतो, त्याला संस्थेच्या परिभाषेत संस्थापकाचेही नाव नाही आणि शिक्षकाचेही नाही.

शब्द बदलून खाटा वाढत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु शब्द ऐकण्याने निदान आणि हक्क दोन्ही बदलतात, याचे एक उदाहरण देतो. कापसाच्या धुळीत दीर्घकाळ काम करणाऱ्यांना होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचे आरंभीचे लक्षण असे की, आठवडी सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. पुढील दिवसांत ते कमी होते. ‘सुटी झाली की छाती भरते’ असे एखाद्या गिरणी-कामगाराने सांगितले आणि ऐकणाऱ्याने केवळ ‘धाप, खोकला’ असे टिपून घेतले, तर निदानाची गुरुकिल्लीच हरवली. हा विकार कायद्याच्या परिशिष्टातील व्यवसायजन्य रोगांपैकी आहे. त्या कामात ठराविक काळ घालविलेल्या कामगाराच्या बाबतीत तो कामावरील इजेप्रमाणे मानला जातो. साध्या आजारपणात वेतनाचे 70 टक्के मिळतात. कामावरील इजेने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात 90 टक्के, आणि तेथे किमान अंशदानाची अटही नाही. एका क्रियाविशेषणाकडे, ‘केव्हा’ या एका प्रश्नाकडे, दुर्लक्ष झाले तर कामगाराचा हक्कच दुसऱ्या कलमाखाली जातो.

मराठीत वेदनेची शब्दसंपत्ती विपुल आहे. ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी. रग लागणे, आग होणे, मुंग्या येणे, कणकण वाटणे यांतील प्रत्येक प्रयोग शरीरातील निराळ्या अवस्थेकडे बोट दाखवितो. केवळ ‘दुखते’ हे क्रियापद शिकलेल्या विद्यार्थ्याला हे भेद ऐकूच येणार नाहीत. 2019 पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पायाभूत सत्रात स्थानिक भाषेच्या परिचयाला स्थान आहे. ते सत्र संभाषणाच्या चार-दोन वाक्यांवर संपू नये, यासाठी सामग्री सिद्ध करणे हे भाषाविभागांचे कर्तव्य ठरते. कामगारवस्त्यांतील रोगलक्षणांच्या शब्दांचे व्यवस्थित संकलन हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शेवटी एका जुन्या शब्दाचे स्मरण करून हे विवेचन संपवितो. वर योजिलेला ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ. सेवेचा अर्थ त्यातून पुढे आला. रुग्णसेवेला हे नाव देणाऱ्या भाषेने वैद्यकाचा आणि अध्यापनाचा संबंध फार पूर्वीच जोडून ठेवला आहे, कारण शिष्याचेही पहिले लक्षण शुश्रूषाच. ज्या महाविद्यालयात रुग्ण हाच निधीचा दाता आणि ज्ञानाचाही दाता आहे, त्याचे मूल्यमापन अखेर याच कसोटीवर झाले पाहिजे: तेथील विद्यार्थी कामगाराचे म्हणणे कितपत ऐकतो?