चाल उलगडून पाहणारी मंडळी

आपल्या मंडळात गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. गणपती असो, दिवाळी पहाट असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, गाणारे गळे सहज मिळतात आणि टाळ्याही भरभरून पडतात. या लेखातली मंडळी मात्र मंचावर फारशी दिसत नाहीत. महिन्यातल्या एका शनिवारी ती कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात. पेटी, तबला, एखादं व्हायोलिन, पेन्सिलीनं भरलेल्या नोटेशनच्या वह्या आणि चहाचा थर्मास एवढा त्यांचा सरंजाम. सगळी दुपार एकाच गाण्यावर जाते. गाणं बसवायचं नसतं, ते कसं बांधलं आहे हे शोधायचं असतं. न्यू जर्सीत आपण मराठी म्हणून जे काही चालवतो, त्यात मला हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्याची नोंद स्मरणिकेत राहावी म्हणून हा लेख.

कामाची रीत साधी आहे. गाणं आधी नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द सोडून फक्त सम आणि ठेका पकडायचा. मग भातखंडे पद्धतीनं स्वर लिहायला बसायचं: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. एका ओळीला कधी अर्धा तास लागतो, कारण दोघांचे कान दोन वेगळे स्वर सांगतात. शेवटी तबला बाजूला ठेवून चाल नुसत्या गळ्यावर गायची. वाद्यांचा आधार काढल्यावर चाल स्वतःच्या पायावर उभी राहते का, ते तिथे कळतं. वाद मात्र पहिल्या मिनिटापासून सुरू असतात.

मी बसलो त्या बैठकांपैकी 'इंद्रायणी काठी'ची बैठक मनात पक्की राहिली आहे. भीमसेन जोशींच्या आवाजातलं हे गाणं ऐकताना अनेकांना तो एखाद्या संताचा अभंग वाटतो. प्रत्यक्षात ते १९५३च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातलं आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. मग जुनेपणाचा भास येतो कुठून? गटातल्या एका काकूंनी फळ्यावर अक्षरं मोजून दाखवली: सहा, सहा, सहा आणि चार. हा मोठ्या अभंगाचा साचा, तुकोबांच्या कितीतरी अभंगांचा. माडगूळकरांनी तो काटेकोर पाळला आहे. तीन चरण भरलेले आणि चौथा आखूड, म्हणून त्या चार अक्षरांपाशी चालीला पसरायला जागा मिळते. भजनात टाळकरी नेमके तिथेच रंगतात. पुलंनी ही जागा ओळखली आणि तिच्यात भीमपलास भरला. चढताना रिषभ आणि धैवत वगळायचे, उतरताना सातही स्वर घ्यायचे, गंधार-निषाद कोमल ठेवायचे. साचा वारकरी, स्वर रागदारीचे, गाणं चित्रपटाचं. शास्त्रीय, आधुनिक आणि लोकसंगीत हे तीन कप्पे आपण फार घाईनं पाडतो. या गाण्यात ते वेगळे काढताच येत नाहीत.

भीमपलासाचे स्वर फळ्यावर आले, तेव्हा शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा म्हणाला, "काकू, हा तर डोरियन मोड आहे." स्वरांपुरतं त्याचं बरोबर होतं. पाश्चात्त्य संगीतातला डोरियन मोड आणि आपला काफी थाट यांचे स्वर एकच. काकूंनी त्याला शाबासकी दिली आणि लगेच बागेश्री गाऊन दाखवला. तोही काफी थाटाचाच. मग भीमपलास आणि बागेश्री एकमेकांपासून इतके दूर का वाटतात? बागेश्रीत मुक्काम मध्यम-धैवतावर आणि पंचम जपून वापरायचा. भीमपलासात पंचमाला भरपूर मान आणि आरोहात धैवताला जागाच नाही. पुढच्या वेळी त्या मुलानं दोन्ही राग व्हायोलिनवर काढून आणले. आता तो स्वरांच्या यादीबरोबर 'चलन' हा शब्दही न अडखळता वापरतो.

हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक आमच्याकडे आला तो एका मुलीच्या पियानोवरून. तिच्या शिक्षिकेनं तिला त्याची 'ट्रान्सिल्व्हेनियातील संध्याकाळ' ही १९०८ची छोटी रचना शिकवली होती. संथ सुरावट सुरू झाली तसं कुणीतरी म्हणालं, "अगं, ही धानी आहे!" सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद: हंगेरीच्या जुन्या लोकगीतांचा पाया असलेले पाच स्वर तेच, आणि आपल्या धानी रागाचेही तेच. त्या जुन्या हंगेरियन चाली बहुधा वरून खाली उतरत येतात. धानीचं चलन वेगळं, त्यामुळे दोन्हींत नातं लावण्याचा मोह काकूंनी तिथेच आवरला. स्वर जुळले म्हणून वंश जुळत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

या रचनेतली एकही सुरावट बार्टोकनं खेड्यातून उचललेली नाही. लोकगीताच्या वळणावर त्यानं ती स्वतः रचली. त्याआधी १९०६पासून तो आणि झोल्तान कोदाय फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी गाणी गोळा करत हिंडत होते. युरोपात युद्ध भडकल्यावर १९४०मध्ये तो न्यूयॉर्कला आला. आपल्यापासून हडसन नदीपलीकडे, कोलंबिया विद्यापीठात, त्यानं युगोस्लाव्हियातल्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणांचं स्वरलेखन केलं. १९४५मध्ये याच शहरात तो वारला. परक्या देशात, आजारपणात, पुन्हा तिसऱ्याच लोकांची गाणी इतक्या बारकाईनं लिहिणारा हा माणूस आपल्या गटाला आपला वाटला तर नवल नाही.

बार्टोकनं १९३१च्या एका निबंधात लोकसंगीत वापरण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. खरी लोकधून घेऊन तिला साथ जोडायची. किंवा धून न उचलता तशीच दुसरी रचायची. किंवा दोन्ही न करता, ते संगीत मातृभाषेसारखं इतकं अंगी मुरवायचं की स्वतःच्या रचनेत त्याची हवा आपोआप यावी. गेलं वर्षभर आपला गट मराठी गाणी या तीन वाटांवर लावून पाहतो आहे. माझ्या मते मराठी संगीताचा इतका मोकळा आणि फलदायी अभ्यास भारताबाहेर क्वचित होत असेल.

पहिल्या वाटेवर थेट अण्णासाहेब किर्लोस्कर भेटतात. १८८२च्या 'संगीत सौभद्र'मध्ये साकी, दिंडी आहेत, कीर्तनात रुळलेल्या चाली आहेत आणि कर्नाटकी वळणंही. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात ते कोणत्या चालीवर आहे ते दिलेलं असतं. उसनवारी लपवायची असते असं त्या काळी कुणाला वाटतच नव्हतं. दिंडीच्या चरणात नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा असतात, आणि नऊ मात्रांनंतरच्या थांब्यात तिचा सगळा डौल आहे. हे पुस्तकात वाचून कळत नाही. आमच्यापैकी एकाच्या आई उन्हाळ्यात इथे आल्या होत्या. माहेरच्या देवळात ऐकलेल्या कीर्तनातली दिंडी त्यांनी म्हणून दाखवली, तेव्हा तो थांबा सगळ्यांना एकदम सापडला.

त्याच बैठकीत त्यांनी जात्यावरच्या ओव्याही म्हटल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे अनेकांना ठाऊक असेल. इतकं मोठं काम आपल्या हातून होणार नाही. पण व्हिसाच्या सहा महिन्यांत आपल्या घरी राहून जाणारी एकेक आई हासुद्धा एकेक संग्रह आहे. त्या दिवशी तिघांनी फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण गटानं तारीख, गाव आणि म्हणणाऱ्या आजींच्या परवानगीसह जपून ठेवलं आहे.

दुसऱ्या वाटेवरची गर्दी मोठी आहे. 'इंद्रायणी काठी' तिथेच बसते. श्रीनिवास खळे यांच्यासारखा भावगीतातला अतिशय नाजूक काम करणारा संगीतकार सुलोचना चव्हाणांसाठी 'कळीदार कपूरी पान' बांधतो, तेही तिथेच. राजा बढे यांच्या एका गीताला शाहीर साबळ्यांच्या खड्या आवाजासाठी खळ्यांनीच चाल दिली, आणि २०२३मध्ये ते गीत महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. एकाच माणसानं बैठकीची लावणी आणि शाहिरी बाणा दोन्ही असे हुबेहूब बांधावेत, याकडे आपण नीट पाहिलंच नव्हतं. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'साठी वसंत पवारांनी केलेल्या लावण्या आम्ही खळ्यांच्या लावणीशेजारी ठेवून ऐकल्या. दोघांची जात वेगळी आहे. पवारांची लावणी फडावर उभी राहते, खळ्यांची दिवाणखान्यात बसते.

तिसऱ्या वाटेवर एकमत कधीच होत नाही, आणि ते योग्यच आहे. भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलेलं 'घाशीराम कोतवाल' (१९७२) आणि आनंद मोडकांनी संगीत दिलेलं 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकांत कीर्तन, अभंग, लावणी सगळं ओळखू येतं, पण त्यांचा हेतू पार पालटलेला असतो. कीर्तनाची चाल भक्ती सांगायचं सोडून माणसांचं ढोंग उघडं पाडते. 'जैत रे जैत'मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी ना. धों. महानोरांच्या शब्दांना दिलेल्या चालींवर आमच्याकडे दोन बैठका भांडण झालं. ठाकर लोकांचा ढोल आणि समूहाचा आवाज तिथे आहेच. पण एकट्या स्त्रीकंठाची वळणं अस्सल हृदयनाथांची, गायला अवघड, कुठल्याही पाड्यावर न ऐकू येणारी. माझं मत असं की दुसरी वाट संपून तिसरी जिथे सुरू होते, नेमकी ती जागा या चित्रपटात दिसते.

कुमार गंधर्वांपाशी मात्र बार्टोकची चौकट अपुरी पडते. क्षयाच्या आजारात देवासला अंथरुणावर पडलेल्या कुमारांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, टिपली आणि त्यांतून धुनउगम राग काढले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतली काही नावं. १९६५च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्यांची स्वतःची कमाई छापील रूपात मिळते. बार्टोकनं धुनेपासून रचना केली. कुमारांनी धुनेपासून राग केला, म्हणजे पुढच्या असंख्य रचनांची जमीन केली. चार-पाच स्वरांच्या धुनेत कोणता स्वर टेकू देतो, कोणता नुसता स्पर्श करून जातो, कुठे वळल्यावर धून परत घरी येते, हे ओळखल्याशिवाय तसं होत नाही. संगीताचं विश्लेषण म्हणतात ते हेच. कुमारांनी ते गाऊन केलं. 'मला उमजलेले बालगंधर्व' हाही तसाच गाऊन केलेला अभ्यास होता.

गटातल्या तरुणांनी याच धर्तीवर एक प्रयोग केला, आणि या वर्षातलं सर्वांत उत्तम काम म्हणून मी त्याकडे बोट दाखवीन. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात जितेंद्र अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन प्रकारांनी बांधलं आहे: पंडितजींसाठी सालगवराळीत संथ, खाँसाहेबांसाठी धानीत चपळ. शब्द तेच, पण दोन घराणी, दोन स्वभाव समोरासमोर येतात. आपल्या मुलांनी दोन्ही चाली आधी भातखंडे पद्धतीनं लिहिल्या, मग स्टाफ नोटेशनमध्ये. स्टाफवर मींड लिहिता येईना. कोमल रिषभावरून सावकाश उतरणारा आवाज तिथे दोन टिंबांत तुटून पडत होता. शेवटी त्यांनी टिंबांच्या मध्ये स्वतःची वक्र रेघ काढली आणि खाली देवनागरीत सरगम लिहिली. ती वही आता दोन्हीकडच्या वाचकाला वाचता येते. पियानोवर बार्टोक वाजवणारी ती मुलगी धानीतली चाल गायला शिकली आहे. रेकॉर्डवरच्या ताना ती उचलत नाही, रागाच्या चौकटीत स्वतःच्या घेते.

इथेच मला या कामाची खरी किंमत दिसते. आपले बहुतेक कार्यक्रम रेकॉर्डबरहुकूम होतात, आणि त्यातला आनंद खोटा नाही. पण इथे वाढलेल्या मुलांच्या हाती फक्त रेकॉर्ड दिली, तर त्यांना तिची नक्कल तेवढी करता येईल. चाल कशी चालते हे दिलं, तर ती त्यात स्वतःचं काही म्हणू शकतील. या गटानं ते दिलं आहे. त्यासाठी मुलांना वर्गात बसवलं नाही. त्यांच्या कानांना मोठ्यांच्या कानांइतकाच मान दिला.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे आई-आजीच्या हस्ताक्षरातली नोटेशनची वही असेल, संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं असतील, कॅसेटवर टिपलेलं गावचं भजन, भारूड किंवा लग्नातली गाणी असतील, तर ती माळ्यावर पडू देऊ नका. पुढच्या बैठकीला घेऊन या, किंवा गटातल्या कुणालाही सांगा. प्रत काढून मूळ वस्तू तुम्हाला परत मिळेल. आणि या उन्हाळ्यात आई किंवा सासूबाई इथे येणार असतील, तर त्यांना आवर्जून घेऊन या. बैठकीत पहिलं गाणं त्यांचं असेल.