टायटसच्या दोन कमानी : अस्सल लेख आणि खरा लेख

जुना कागद हातीं आला म्हणजे संग्राहकाचा पहिला प्रश्न 'हा अस्सल कीं बनावट?' असा असतो, आणि तो योग्यच आहे. कागद, शाई, वळण, मायना, शिक्के हीं सर्व तपासून कागद अस्सल ठरला कीं आपणांस समाधान वाटतें. परंतु या समाधानाच्या भरांत दुसरा एक प्रश्न पुष्कळदां विचारावयाचा राहून जातो. लेख अस्सल आहे खरा. पण त्यांत लिहिलेलें खरें आहे काय? अस्सलपणा हा लेखाचा गुण आहे, खरेपणा हा त्यांतील विधानाचा गुण आहे. पहिला सिद्ध झाल्यानें दुसरा आपोआप सिद्ध होत नाहीं. तत्त्व म्हणून ही गोष्ट कोणीहि नाकारणार नाहीं. व्यवहारांत मात्र 'समकालीन' हा शब्द उच्चारला गेला कीं टीकाकाराची लेखणी थबकते. रोम येथील टायटस बादशहाची विजयकमान पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला, तेव्हां हा प्रश्न इतक्या स्पष्ट रूपानें पुढें उभा राहिला कीं, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटलें.

कोलोसियमकडून रोमच्या जुन्या चौकाकडे, म्हणजे फोरमकडे, जाणारा फरसबंदी रस्ता थोडा चढत जातो. त्या चढाच्या माथ्यावर ही कमान आहे. ती एकाच गाळ्याची असून उंची सुमारें १५ मीटर व रुंदी १३ मीटरांहून थोडी अधिक आहे. जवळच कॉन्स्टंटाईनची तीन गाळ्यांची भव्य कमान असल्यामुळें ही प्रथमदर्शनीं लहानच वाटते. कोलोसियमकडील अंगास वर मूळ लेख मोठ्या अक्षरांत आहे. त्याचा आशय इतकाच कीं, सिनेट व रोमन जनता यांनीं ही वास्तू दिव्य व्हेस्पेशियनचा पुत्र दिव्य टायटस यास अर्पण केली. 'दिव्य' ही पदवी बादशहास मरणोत्तर मिळे. टायटस इ. स. ८१ च्या सप्टेंबरांत वारला. तेव्हां लेख त्यानंतरचा, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ डोमिशियन याच्या कारकीर्दींतील ठरतो. कमानीच्या छताच्या मध्यभागीं टायटस गरुडावर बसून स्वर्गास जात असल्याचें शिल्प आहे, तेंहि याच्याशीं जुळतें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जिला सर्व जग विजयकमान म्हणतें तिच्या लेखांत युद्धाचा, यहुदी लोकांचा किंवा जेरुसलेमचा उल्लेखहि नाहीं. विजय आहे तो गाळ्याच्या आंतील दोन भिंतींवरच्या उठावाच्या शिल्पांत.

उत्तरेकडील भिंतीवर चार घोड्यांच्या रथांत टायटस उभा असून विजयदेवता त्याच्या मस्तकावर मुकुट धरीत आहे. दक्षिणेकडील भिंतीवर इ. स. ७० मध्यें जेरुसलेमचें मंदिर लुटून आणलेल्या वस्तूंची मिरवणूक आहे. सात शाखांचा दीपवृक्ष, पवित्र भाकरी ठेवण्याचा मेज आणि कर्णे हे वाहकांच्या खांद्यांवर स्पष्ट दिसतात. इ. स. २०१२ मध्यें या शिल्पाची यंत्रसाहाय्यानें तपासणी झाली, तेव्हां दीपवृक्षावर पिवळ्या रंगाचे अंश आढळले. म्हणजे आज पांढरा दिसणारा दगड मूळचा सोनेरी भासावा असा रंगविलेला होता. मिरवणुकींतील कांहीं लोकांनीं काठ्यांवर पाट्या धरल्या आहेत. लुटीचीं नांवें सांगणारा मजकूर त्यांवर रंगानें लिहिलेला असावा. आज त्या कोऱ्या आहेत.

या मिरवणुकीचें लेखी वर्णन सुदैवानें उपलब्ध आहे. यहुदी इतिहासकार जोसीफस यानें आपल्या युद्धेतिहासाच्या सातव्या खंडांत इ. स. ७१ मधील या उत्सवाची हकीकत दिली आहे. एकाच प्रसंगाच्या दोन प्रती मिळाल्या असतां आपण जसे पाठभेद काढतों, तसे येथें काढून पाहावे. मेज व दीपवृक्ष दोहींकडे आहेत. कर्णे दगडावर आहेत, ग्रंथांत नाहींत. उलट, लुटीच्या वस्तूंत सर्वांत शेवटीं यहुद्यांच्या धर्मशास्त्राची पोथी नेण्यांत आली असें जोसीफस सांगतो. दगडाच्या आज दिसणाऱ्या भागांत ती कोठेंहि ओळखूं येत नाहीं. पुढें सोन्याचीं पात्रें शांतिदेवतेच्या मंदिरांत ठेवलीं गेलीं, पण ही पोथी आणि मंदिरांतील जांभळे पडदे व्हेस्पेशियननें आपल्या राजवाड्यांत ठेवविले, असेंहि तो लिहितो. हस्तलिखितांचा शोध करणारास ही नोंद वाचून हळहळ वाटल्यावांचून राहणार नाहीं. अर्थात् शिल्पांत पोथी नाहीं यावरून ती मिरवणुकींत नव्हती असें अनुमान करतां येणार नाहीं. फलकाची जागा मर्यादित आहे आणि दगड झिजलेला आहे.

दुसरा पाठभेद याहून महत्त्वाचा आहे. सिनेटनें बापलेकांस निरनिराळे उत्सव मंजूर केले असतां दोघांनीं मिळून एकच उत्सव केला. पुढें व्हेस्पेशियनचा रथ, मागें टायटसचा, आणि बाजूस घोड्यावर डोमिशियन, असा क्रम जोसीफस देतो. कमानीवर रथ एकच आहे आणि त्यांत टायटस एकटा आहे. येथें दगड खोटें बोलत नाहीं, पण अर्धेंच बोलतो. मृत टायटसचें देवत्व हा या कमानीचा विषय. बापाचा रथ तेथें अडचणीचा झाला असावा.

आतां टायटसच्या दुसऱ्या कमानीकडे वळूं. ती आज उभी नाहीं. सर्कस मॅक्सिमस या रथांच्या शर्यतींच्या विस्तीर्ण मैदानाच्या पूर्वेकडील गोलाकार टोकास, टायटसच्या हयातींतच, इ. स. ८१ मध्यें सिनेटनें ती उभारली होती. तिचे अवशेष उत्खननांत मिळाल्याचें इ. स. २०१५ मध्यें जाहीर झालें. परंतु तिच्या लेखाचा संपूर्ण मजकूर आपणांस ठाऊक आहे तो दगडावरून नव्हे, तर पोथीवरून. स्वित्झर्लंडमधील आइन्झीडेल्न येथील ख्रिस्ती मठांत ३२६ क्रमांकाची एक लहानशी पोथी आहे. नवव्या शतकांतील या पोथींत रोममधील शिलालेखांच्या नकला, शहर पाहण्याचे मार्ग व तटाचें वर्णन असे प्रकार एकत्र आहेत. नकला करणाराचें नांव तींत नाहीं. कमान नाहींशी झाली, आणि या अनामिक माणसाच्या नकलेमुळें लेख राहिला.

आणि लेख काय म्हणतो? टायटसनें पित्याच्या आज्ञेनें, सल्ल्यानें व शुभशकुनाखालीं यहुदी राष्ट्र जिंकलें आणि जेरुसलेम शहर नष्ट केलें. पहिल्या कमानीच्या शिल्पानें गाळलेला बाप येथें आहे, हें ध्यानांत ठेवावें. त्यापुढें मात्र लेख असें विधान करतो कीं, टायटसच्या पूर्वीं ज्या ज्या सेनापतींनीं, राजांनीं अथवा राष्ट्रांनीं या शहरावर चाल केली ती व्यर्थ गेली, नाहींतर कोणी तसा प्रयत्नच केला नाहीं.

हें विधान धडधडीत खोटें आहे. बाबिलोनच्या नेबुखद्नेझरनें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभीं तें शहर घेऊन जाळलें होतें, ही गोष्ट दूरची म्हणून सोडून देऊं. पण रोमच्याच पाँपीनें तें ख्रिस्तपूर्व ६३ मध्यें घेतलें, आणि ख्रिस्तपूर्व ६१ मध्यें त्या मोहिमांचा विजयोत्सव याच रोम शहराच्या रस्त्यांतून मिरविला. ख्रिस्तपूर्व ३७ मध्यें सोसियस या रोमन सेनापतीनें हेरॉडसह तें पुन्हां घेतलें. ऑगस्टसच्या काळीं रोममध्यें विजयोत्सवांची जी यादी संगमरवरावर कोरण्यांत आली, तींत सोसियसचा यहुदी प्रांतावरील उत्सव ख्रिस्तपूर्व ३४ खालीं नोंदलेला आहे. म्हणजे एका दगडास दुसरा दगड खोटा पाडतो, आणि दोन्ही दगड सरकारी, दोन्ही अस्सल, दोन्ही एकाच शहरांतले!

लेखाच्या बचावार्थ असें म्हणतां येईल कीं, पाँपीस शहराच्या एका पक्षानें वेशी उघडून दिल्या व त्यास खरी झुंज मंदिराच्या टेकडीपुरतीच द्यावी लागली. किंवा, लेखाचा रोख 'नष्ट केलें' या क्रियापदावर आहे. पण 'व्यर्थ गेली' आणि 'प्रयत्नच केला नाहीं' या दोन पर्यायांत सोसियस कोठेंच बसत नाहीं. प्रशस्ती म्हटली कीं अतिशयोक्ति आलीच, हें दुसरें समर्थन. तें मान्य केलें तर प्रशस्तीचा साक्षीपुरावा म्हणून उपयोग करतांना तितकी सूट वजा केली पाहिजे, एवढेंच त्यावरून निघतें. आणि ही वजाबाकी आपण क्वचित् करतों.

याउलट जोसीफसची साक्ष पाहा. हा साक्षीदार निःस्पृह नाहीं. गॅलिलींत रोमनांविरुद्ध लढतां लढतां तो इ. स. ६७ मध्यें कैद झाला, पुढें त्याच बादशाही घराण्याच्या आश्रयास राहिला व रोमन नागरिक झाला. मंदिर जाळूं नये अशी टायटसची इच्छा होती असें तो लिहितो. सल्पिशियस सिव्हेरस हा मागाहूनचा ख्रिस्ती लेखक नेमकें उलट सांगतो, आणि त्याचा आधार टॅसिटसच्या नष्ट झालेल्या भागांत असावा असें मत जेकब बर्नेस यानें इ. स. १८६१ मध्यें मांडल्यापासून तो वाद चालूच आहे. असा हा आश्रित लेखक सहाव्या खंडाच्या शेवटीं स्पष्ट लिहितो कीं, जेरुसलेम यापूर्वीं पांच वेळां घेतलें गेलें होतें. आणि त्या पांचांत पाँपी व सोसियस या दोघांचीं नांवें तो देतो. यजमानाचा मोठेपणा कमी करणारी ही गोष्ट सांगण्यांत त्याचा लाभ कांहींच नव्हता. स्वहिताविरुद्ध दिलेल्या साक्षीस अधिक वजन द्यावें हा न्याय येथें लागू पडतो. विशेष हें कीं, या ग्रंथावर टायटसनें स्वहस्तें सही करून तो प्रसिद्ध करण्याची आज्ञा दिली, असें जोसीफस आपल्या आत्मचरित्रांत सांगतो. तें खरें असेल, तर बादशहाच्या सहीचा ग्रंथ एक सांगतो आणि बादशहाच्या नांवची कमान दुसरें सांगते.

मग सिनेटनें असें कां लिहिलें? व्हेस्पेशियनचें घराणें नवें होतें. इ. स. ६९ या एका वर्षांत रोमच्या गादीवर चार बादशहा आले आणि आपसांतील युद्धांतून हा चौथा टिकला. स्वकीयांवरील जयाचा उत्सव करतां येत नव्हता. म्हणून परकीयांवरील एक जय अपूर्व करून दाखविणें प्राप्त होतें. वस्तुतः तो बंडखोर झालेला रोमचाच प्रांत होता. तेव्हां इ. स. ७० पूर्वींच्या जेरुसलेमविषयीं हा लेख निरुपयोगी ठरला, तरी इ. स. ८१ मधील रोमविषयीं तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. खोटें विधान टाकून द्यावयाचें नसतें. तें कोणास व कां हवें होतें हें विचारावयाचें असतें.

उभ्या कमानीसंबंधीं आणखी एक गोष्ट ग्रंथसंपादकांच्या उपयोगाची आहे. मध्ययुगांत फ्रांजिपानी घराण्यानें ही कमान आपल्या गढींत चिणून घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पोप सातवा पायस याच्या वेळीं, आजूबाजूचें बांधकाम काढतांना कमान ढासळूं लागली, म्हणून ती उतरवून पुन्हां रचण्यांत आली. हें काम स्टर्न यानें आरंभिलें व व्हालादिये यानें पुरें केलें. मूळ भाग संगमरवराचा आहे. हरवलेल्या बाजू भरून काढतांना त्यांनीं निराळा, ट्रॅव्हर्टीन जातीचा दगड वापरला व त्यावर मूळचें बारीक कोरीव काम केलें नाहीं. त्यामुळें आकृति पूर्ण होते, पण जुनें कोणतें व नवें कोणतें हें पाहणारास क्षणांत कळतें. शिवाय फोरमकडील अंगास या दुरुस्तीचा स्वतंत्र लेखहि आहे. फाटक्या कागदांतील गळलेलीं अक्षरें संपादक चौकटी कंसांत घालतो, तोच हा न्याय. त्याबरोबर दोषहि सांगितला पाहिजे. मूळ कमान मोकळी करण्याच्या उत्साहांत गढीचे अवशेष गेले. एका काळाचें साधन वाचवितांना दुसऱ्या काळाचें साधन नाहींसें झालें.

शेवटीं पराजितांच्या नोंदीविषयीं दोन शब्द. मध्ययुगीन रोममध्यें या कमानीस लोक 'सात दिव्यांची कमान' म्हणत. जिंकणाराचें नांव मागें पडून लुटलेल्या वस्तूचें नांव राहिलें. तोच दीपवृक्ष, याच शिल्पाच्या आकारानें, इ. स. १९४९ मध्यें इस्राएलच्या राजचिन्हांत आला. मंदिराच्या नाशाची तिथि जोसीफस महिन्याची दहावी देतो, यहुदी परंपरा अव महिन्याची नववी मानते व त्या दिवशीं उपवास करते. आपल्या कोंकणांतील, कुलाबा म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजांत या दिवसास 'बिरड्याचा सण' असें नांव होतें. तें वालाच्या बिरड्यावरून पडलें. एवढ्यावरून तो समाज कोंकणांत केव्हां आला हें ठरत नाहीं, आणि तसा प्रयत्नहि कोणी करूं नये. परंतु ज्या घटनेबद्दल रोममध्यें दोन कमानी उभ्या राहिल्या, तिची दुसऱ्या बाजूची आठवण अलिबागच्या आसपासच्या घरांतून एका पदार्थाच्या नांवानें नोंदली गेली, हें संशोधकानें आपल्या साधनांच्या यादींत लिहून ठेवण्यासारखें आहे.

असो. आइन्झीडेल्नच्या त्या अनामिक नक्कलकारानें आपलें काम चोख केलें. मजकूर खोटा आहे हें त्यास ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे. त्यानें तो सुधारला नाहीं, गाळला नाहीं, होता तसा उतरून घेतला. म्हणूनच आज त्याची परीक्षा करतां येते. आपल्या दप्तरांतील सनदा, महजर व विजयपत्रें यांच्या नकला याच इमानानें व्हाव्यात, आणि त्यांवर 'समकालीन' असा शेरा मारून झाल्यावर हातांतली लेखणी खालीं ठेवूं नये, एवढीच सूचना विद्वानांपुढें ठेवून हा लेख पुरा करतों.