हुबेहूब म्हणजे नेमके काय?

दूरनियंत्रित विमानाचे एखादे चांगले मॉडेल आकाशात गेले, की पाहणाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हुबेहूब'. विक्रेत्याच्या पत्रकातही तोच शब्द असतो. शाळेच्या विज्ञान मेळाव्यात असे उड्डाण दाखवले, तर 'खरे विमान असेच उडते, फक्त मोठे असते' हे वाक्य हमखास ऐकू येते. या लेखात आम्ही त्या वाक्याची तपासणी करणार आहोत. नाटकाचे परीक्षण होते, चित्राचे होते, तसे मॉडेलचेही व्हायला हरकत नाही. फरक एवढाच, की इथे परीक्षकाच्या हाती आवडीनिवडीबरोबर त्रैराशिकही असते.

उदाहरणासाठी कॅनडातील डी हॅविलँड कंपनीचे 'ट्विन ऑटर' हे विमान घेऊ. दोन इंजिनांचे हे विमान 1965 साली प्रथम उडाले. त्याला चाके लावता येतात, बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावता येतात आणि पाण्यासाठी दोन लांबट होड्यांसारखे फ्लोटही लावता येतात. मालदीवच्या बेटांवर पर्यटकांची ने-आण करणारी सीप्लेन बहुतांशी हीच. 31 ऑक्टोबर 2020 रोजी अहमदाबादची साबरमती आणि केवडिया यांच्या दरम्यान जी सेवा सुरू झाली (आणि पुढे बंद पडली) तिच्यातही हेच विमान होते. मॉडेल करणाऱ्यांचे ते जुने आवडते. पंख वर, सरळ आयताकृती, कडेने निमुळते न होणारे. त्यामुळे बांधायला सोपे आणि हवेत स्वभावाने शांत. सव्वा मीटर पंखविस्ताराची, फोमची, चाके आणि फ्लोट दोन्ही बसणारी ट्विन ऑटरची मॉडेल बाजारात तयार मिळतात. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 19.8 मीटर. म्हणजे मोजमाप साधारण एकास सोळा.

आता त्रैराशिक. लांबी सोळापट घटली, तर क्षेत्रफळ 256 पट आणि घनफळ 4096 पट घटते. खऱ्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन 5670 किलो. त्याला 4096 ने भागले तर 1.4 किलो येतात. या आकाराची मॉडेल प्रत्यक्षातही दीड किलोच्या आसपास भरतात. हा योगायोग नाही, पण कारागिराने मुद्दाम साधलेली गोष्टही क्वचितच असते. फोम, बॅटरी आणि मोटारी यांची बेरीजच तेवढी होते.

वजन 4096 पट घटले आणि पंखांचे क्षेत्रफळ 256 पटच घटले, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार सोळापट घटला. उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा भार सोळापट कमी झाला, तर लागणारा वेग चारपट कमी होतो. खरे विमान पंखामागचे पडदे पूर्ण खाली सोडून ताशी सुमारे 107 किलोमीटरपर्यंत हवेत तग धरते. मॉडेल ताशी 27 किलोमीटरपर्यंत. इथेच प्रेक्षकांची पहिली तक्रार सुरू होते, आणि ती आम्हांला मुळातच चुकीची वाटते. 'मॉडेल फार जोरात उडते, खऱ्यासारखे संथ वाटत नाही,' असे म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात हिशेब असा असतो की, आकार सोळापट लहान तर वेगही सोळापट कमी हवा. म्हणजे ताशी सात किलोमीटरहून कमी, झपझप चालणाऱ्या माणसाइतका. त्या वेगाला सव्वा मीटरचे तेच पंख किती वजन उचलतील? 5670 किलोला एकदा 256 ने क्षेत्रफळापोटी आणि पुन्हा 256 ने वेगापोटी भागावे. उत्तर येते सुमारे 87 ग्रॅम. एवढ्यात मोटारी, बॅटरी, यंत्रणा आणि फ्लोट बसवून दाखवा, असे तक्रारदाराला सांगावे लागेल.

हा चारपटीचा नियम विमानांच्या आधी जहाजांसाठी शोधला गेला. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने 1870 च्या दशकाच्या आरंभी टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यातून जहाजांच्या प्रतिकृती ओढल्या. लांबीच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढून त्या प्रमाणात वेग ठेवला, तर लहान होडीभोवतीच्या लाटांची आकृती मोठ्या जहाजाभोवतीच्या लाटांशी जुळते, हे त्याने वापरात आणले. पण फ्रूडचे खरे मोठेपण आम्हांला दुसऱ्या गोष्टीत दिसते. पाण्याचे घर्षण हा नियम पाळत नाही, हे ओळखून त्याने तो भाग वेगळा मोजला आणि वेगळा हिशेबात धरला. आपली प्रतिकृती कुठे खरे बोलते आणि कुठे नाही, हे तो सांगत होता. 'हुबेहूब' म्हणणारे पत्रक एवढीच गोष्ट सांगत नाही.

धावपट्टीवरून उडणाऱ्या मॉडेलमध्ये ही लबाडी सहसा खपून जाते. चाक फिरते, विमान धावते, उचलले जाते. डोळ्यांना खटकावे असे फार नसते. पाणी मात्र कडक परीक्षक आहे.

सीप्लेन पाण्यावरून सुटते कसे ते आधी पाहू. सुरुवातीला फ्लोट होडीसारखे पाण्यात बुडालेले असतात. वेग वाढतो तशी त्यांच्या पुढे लाट उभी राहते आणि विमान जणू आपणच केलेला चढ चढू लागते. या टप्प्यात पाण्याची ओढ वाढत वाढत एका शिखराला पोचते. इंजिनात पुरेसा जोर असेल तर फ्लोट ते शिखर ओलांडतात, वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठावरून घसरू लागतात. मग ओढ कमी होते आणि वेग झपाट्याने वाढतो. फ्लोटच्या तळाला, विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे, एक पायरी असते. ती नसेल तर वाहते पाणी तळाच्या मागच्या वळणाला चिकटून राहते आणि शेपटीकडची बाजू खाली खेचून धरते. वाहत्या नळाच्या धारेला चमच्याची फुगीर बाजू लावली, की चमचा धारेत ओढला जातो, तोच प्रकार. पायरीपाशी पाणी तळापासून सुटते आणि मागे हवा शिरते. वर्गात चमचा आणि नळ पुरेसा आहे.

हा सगळा प्रकार लाटांचा, म्हणजे फ्रूडच्या नियमातला. तेव्हा तो मॉडेलमध्ये अगदी प्रामाणिक दिसायला हवा. दिसत मात्र नाही, आणि कारण आहे मोटारींची ताकद. खऱ्या ट्विन ऑटरची दोन इंजिने मिळून 1240 अश्वशक्ती, सुमारे 925 किलोवॅट देतात. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल 4096 पट आणि वेग चारपट घटला, तर शक्ती 16384 पट घटावी. म्हणजे मॉडेलला सुमारे 56 वॅट मिळायला हवेत. लहान पंख्यांची कार्यक्षमता कमी असते, म्हणून थोडी सूट देऊ. तरी अशा मॉडेलमध्ये सर्रास दीडशे-दोनशे वॅट किंवा त्याहून अधिक शक्ती बसवलेली असते. परिणाम असा, की पूर्ण जोर दिला की मॉडेल चार-दोन मीटरांत पाण्यावरून उडी मारते. ओढीचे शिखर, लाटेवरची चढण, पायरीवर येणे, सारे इतक्या झटक्यात उरकते की विद्यार्थ्याला काहीच दिसत नाही. विकत घेणाऱ्याला हे आवडते, हे आम्ही समजू शकतो. पण सीप्लेनची सगळी कहाणी त्या चढणीत आहे, आणि जोर अर्ध्यावर ठेवून उडवले तर याच मॉडेलमध्ये ती छान दिसते.

आता फ्रूडच्या नियमाबाहेरच्या गोष्टी. हवेची श्यानता (चिकटपणा) मॉडेलसाठी वेगळी करता येत नाही. जडत्व आणि श्यानता यांचे गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. खऱ्या पंखाची पुढून मागे रुंदी जवळजवळ दोन मीटर. कमी वेगातही हा अंक चाळीस लाखांच्या घरात जातो. मॉडेलच्या साडेबारा सेंटिमीटर पंखाला तो साठ हजारांच्या आसपास मिळतो. एवढ्या कमी अंकाला हवा जाड पंखाच्या पाठीवरून लवकर सुटते. म्हणून जाणता कारागीर पंखाचा छेद मूळ विमानावरून न उतरवता स्वतःचा निवडतो. ही खोटी नक्कल म्हणावी का? आमच्या मते नाही. छेद खोटा केल्यामुळेच उड्डाण खरे होते.

वाऱ्याचेही तसेच. तळ्यावर ताशी 12 किलोमीटरची झुळूक म्हणजे माणसाला आल्हाद. मॉडेलच्या हिशेबाने तो 48 किलोमीटरचा वारा. तीन सेंटिमीटरची लाट म्हणजे अर्ध्या मीटरची. मॉडेल पाण्यावर उलटले की बघे वैमानिकाला हसतात. त्यांनी आधी हा गुणाकार करावा.

दोन इंजिनांबद्दल आमचे मत थोडे संमिश्र आहे. पूर्वी मॉडेलला मिथेनॉलवर चालणारी इंजिने असत. दोन्ही सारखी चालवणे हे कसब होते आणि एक बंद पडले की मॉडेल त्या बाजूला वळून कोसळण्याची भीती असे. आज एकाच बॅटरीवर दोन विद्युत मोटारी चालतात आणि दुसरी मोटार पुष्कळदा केवळ रूपासाठी उरते. पण पाण्यावर तिला पुन्हा अर्थ येतो. पंखे दोन बाजूंना असल्यामुळे त्यांचा झोत मधल्या सुकाणूवर पडत नाही. कमी वेगात सुकाणू जवळजवळ निकामी असते. अशा वेळी खरा वैमानिक एका इंजिनाचा रेटा वाढवून विमान वळवतो. मॉडेलमध्ये दोन्ही मोटारींना वेगळा हुकूम देण्याची सोय असेल, तर तेही तस्सेच वळते. ज्या मॉडेलमध्ये ही सोय नाही, ते दोन मोटारींचे एकइंजिनी विमान समजावे.

सर्वांत जास्त आक्षेप आम्हांला आहे तो पोटात दडलेल्या स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेबद्दल. नखाएवढे जायरो विमानाचे कलणे ओळखतात आणि हाताळणाऱ्याला कळण्याआधीच पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या झडपा हलवतात. नवशिक्याचे मॉडेल त्यामुळे वाचते, हे कबूल. पण वर्गासमोर ते उडवताना शिक्षक सांगतात, की वर असलेल्या पंखांमुळे आणि शेपटीमुळे विमान आपोआप सरळ होते; आणि विद्यार्थी पाहत असतात ते जायरोचे काम. लहान वस्तू डोलते चारपट लवकर, म्हणून माणसाच्या हाताला ही मदत हवीशी वाटते, तेही खरे. तरीही ही यंत्रणा बंद करण्याची कळ असलेलेच मॉडेल शाळेने घ्यावे, असे आमचे मत आहे. अनुभवी माणसाने उंचावर नेऊन ती बंद करावी, मग चालू करावी. फरक खालून दिसतो.

प्रेक्षकांच्या त्या पहिल्या तक्रारीवरही एक साधा उपाय आहे. मॉडेलमध्ये सारे चारपट लवकर घडते, म्हणून चित्रण चारपट संथ करावे. लहान जहाजांवर चित्रपट घेणारे हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. आज पुष्कळ मोबाइल फोन सेकंदाला 120 चित्रे टिपतात. ती सेकंदाला 30 या गतीने दाखवली की झाले. अर्ध्या जोराने पाण्यावरून सुटणारे मॉडेल असे पाहिले, तर क्षणभर खरोखर मालदीवच्या धक्क्यावर उभे असल्यासारखे वाटते. वळणे जड होतात, लाट हळू सरकते, विमानाला वजन येते.

वाटत नाही ते फक्त तुषारांकडे पाहून. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, आणि पृष्ठताणाला आपल्या एकास सोळाशी देणेघेणे नसते. फ्लोटमागे उडणारा अडीच मिलिमीटरचा थेंब मॉडेलच्या जगात चार सेंटिमीटरचा, लिंबाएवढा गोळा असतो. खऱ्या विमानामागे जिथे धुके असते, तिथे इथे लिंबे उडताना दिसतात. दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या बारीक लहरींवरही पृष्ठताणाचीच सत्ता चालते. विद्यार्थ्यांना संथ चित्रणातले एक चित्र थांबवून द्यावे. फ्लोटची रुंदी फूटपट्टीने आधी मोजून ठेवावी, तिच्याशी ताडून थेंबाचा व्यास काढायला सांगावा आणि आलेल्या आकड्याला 16 ने गुणायला सांगावे.