शिकारदालन : एक अपुरी बखर

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील दरबार दालनात रंगीत काचांच्या खिडक्यांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग चितारलेले आहेत. प्रेक्षक एका खिडकीकडून दुसरीकडे सरकतो आणि एक चरित्र त्याच्यापुढे क्रमाने उलगडत जाते. १८८४ साली पूर्ण झालेल्या याच वास्तूतील शहाजी छत्रपती संग्रहालयात राजघराण्याच्या शिकारीची स्मृतिचिन्हे मांडलेली आहेत : वाघ, बिबळे, गवे, अस्वले, शिंगांची मस्तके. येथेही घराण्याचा पूर्ववृत्तान्तच सांगितला जात आहे. परंतु येथे प्रसंगामागून प्रसंग येत नाही. प्रत्येक मस्तक हा एका कथेचा शेवट आहे, आणि त्या कथेचा आरंभ भिंतीवर कोठेच नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही रचना सर्वस्वी अपरिचित वाटू नये. बखर ही घटनेनंतर, बहुधा धन्याच्या आज्ञेने आणि धन्याच्या गौरवासाठी लिहिली जाते. शिकारदालनाची प्रकृतीही तीच होय. पण बखरकार पराक्रम फुगवून सांगत असला, तरी त्याच्या ओघात सरदार, हुजरे, हेर, क्वचित एखादा नावाचा शिलेदारही येऊन जातो. अतिशयोक्तीच्या आडून का होईना, माणसे आत शिरतात. शिकारदालनात तेवढीही वाट ठेवलेली नसते. शिकारी जगतात ज्या नोंदीला सर्वाधिक मान मिळाला, ती रोलंड वॉर्ड यांची १८९२ पासून निघत आलेली नोंदवही पाहावी. तिच्यात शिंगाची लांबी, घेर, टोकांमधील अंतर आणि शिकाऱ्याचे वा मालकाचे नाव इंचाइंचाने नमूद असते. वाट दाखविणाऱ्याला तेथे रकानाच नाही.

या बखरीचा लेखकही वस्तुतः शिकारी नव्हेच. जबडा पसरलेला, ओठ मागे खेचलेला, जीभ उंचावलेली असा जो वाघ भिंतीवरून पाहतो, तो रानात दिसलेला वाघ नव्हे. तो कारागिराने निवडलेला वाघ होय. देशातील कितीतरी संस्थानिकांची कामे करणारा म्हैसूरचा व्हॅन इंगेन यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होता. तेथे कागदाच्या लगद्याच्या साच्यावर कातडे चढवून काचेचे डोळे बसवीत. (आपण सवयीने ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, अशा कामात पेंढ्याचा संबंध फारच थोडा.) ज्याला गोळी लागली तो प्राणी त्या क्षणी कदाचित पळत असेल, पाणी पीत असेल, किंवा हाक्याच्या आवाजाने गोंधळून उभा असेल. दालनात मात्र तो सदैव चाल करून येतो. तो चाल करून आला नाही तर मारणाऱ्याचे शौर्य सिद्ध होत नाही. भिंतीवरच्या डरकाळीचे कार्य अलंकाराचे आहे, साक्षीचे नव्हे.

याहूनही विचार करावयास लावतात त्या वस्तू निराळ्याच. याच संग्रहात बिबळ्याच्या मणक्यांच्या काठ्या आहेत, वाघाच्या कवटीची आणि गेंड्याच्या पायाची रक्षापात्रे आहेत. मस्तक पाहून निदान ‘हा कोठे मारला?’ असा प्रश्न तरी मनात येतो. रक्षापात्र पाहून तोही येत नाही. शिकारीची आठवण येथे घरगुती सामानात विरघळली आहे. जी वस्तू स्मरणासाठी आणली, ती विडीची राख झाडण्यापुरती उरली. संग्रहालय या दोन्ही जाती एकाच मानाने मांडते, आणि ही मांडणी सदोष आहे असे म्हटले पाहिजे. त्यांना वेगळे केले असते तर स्मृतीचा ऱ्हास कसा होतो हे आपोआप दिसले असते.

अपुरेपणाचा खरा पुरावा मात्र जे भिंतीवर येऊ शकत नाही त्यात आहे. कोल्हापूर संस्थान चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. डोळे झाकलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत, काळवीट दृष्टीस पडताच झापड काढीत, आणि पुढचे काम तो जनावराच्या अंगच्या वेगाने करी. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून आणवले जात. अशा शिकारीतल्या काळविटाचे मस्तक भिंतीवर लावले, तर शिकारी कोण ठरतो? चित्ता, त्याला माणसाळविणारा चित्तेवान, की गाडीत बसलेला धनी? दालनाच्या व्याकरणात कर्ता एकच असतो, आणि तो आधीच ठरलेला असतो.

पारध्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. फासेपारधी हे पिढ्यान्‌पिढ्या रान वाचणारे लोक. ब्रिटिश हद्दीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. (देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले तेही त्याच वर्षी.) शाहू छत्रपतींनी याच फासेपारध्यांना आपल्या पदरी कामे दिली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळक आहे. म्हणजे जे कसब सरहद्दीपलीकडे चोरी ठरत होते, त्याला येथे दरबारी आश्रय मिळाला. कोल्हापूरच्या शिकारीच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग कदाचित हाच असेल. आणि एकाही शिंगावर तो कोरता येण्याजोगा नाही.

हा दोष शिकारकथेच्या प्रकृतीतच आहे, असे कोणी म्हणेल. जिम कॉर्बेट यांचा १९४४ सालचा कुमाऊँच्या नरभक्षकांवरील ग्रंथ या आक्षेपाला उत्तर देतो. चंपावतच्या वाघिणीची हकीकत सांगताना तहसीलदाराने गोळा केलेली २९८ माणसे कॉर्बेट मोजून सांगतात, आणि अखेरची गोळी आपण तहसीलदाराच्याच बंदुकीतून झाडली हेही लपवीत नाहीत. तेथेही मरते ती वाघीणच. पण तिच्याभोवतीचा गाव जिवंत राहतो.

गेलेल्या काळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मोजपट्टी लावून ही मस्तके उतरवा असे म्हणणे सोपे आहे, पण ते उथळ होय. ज्या रानात छत्रपती शिकारीस जात, त्या दाजीपूरच्या रानाला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले; राजाची राखीव शिकार नसती तर राखण्याजोगे रान उरले असते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मस्तके राहावीत. त्यांच्याशेजारी शिकारीची जुनी छायाचित्रे यावीत. त्या काळच्या अशा छायाचित्रांत मध्यभागी रायफल घेतलेले गृहस्थ आणि पायाशी वाघ असतो; कडेला, अर्धवट चौकटीबाहेर, मुंडासे बांधलेले चार-सहा हाकेकरी उभे असतात. त्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. राधानगरी परिसरातील त्यांच्या नातवंडांना ती छायाचित्रे दाखवून नावे विचारता येतील, पण हे काम ती ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच करता येईल.